कॉन्फोकलला हळद

आधीच सांगून ठेवते, मी तापट आहे. आमच्या केंद्रात हे सगळ्यांना ठाऊक आहे. ज्याला ठाऊक नसेल त्यानं एकदा माझ्या खोलीत चपला घालून येऊन बघावं. भंडाऱ्याच्या आमच्या संशोधन केंद्रातला कॉन्फोकल सूक्ष्मदर्शक माझ्या ताब्यात आहे. पुण्याच्या एका मोठ्या संस्थेनं नवा घेतला आणि हा जुना आमच्या गळ्यात घातला. जुना असला म्हणून काय झालं, लेझर शाबूत आहे, भिंगं शाबूत आहेत. मी सिहोऱ्याची रेणू, धान लावणाऱ्या घरातली पोरगी. पण या यंत्राजवळ चिखल, धूळ, चहा आणि फोनवर मोठ्यानं बोलणारा माणूस, यातलं काहीही आलेलं मला खपत नाही. आणि अशा खोलीत एका सकाळी हे चारही घेऊन टिकाराम सोनकुसरे सर आले.

सर मूळचे पवनीचे, कोष्ट्याच्या घरातले. वडील रेशमाच्या मागावर बसायचे. सर लाखांदूरच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे, तेही तासावर. म्हणजे तास घेतला तर पगार, सुटी लागली की घरी बसा. वय चाळिशीच्या पुढे, केस मागे, पोट पुढे, आणि तोंड सदा चालू. लाखांदूरहून एसटीनं यायचे. मांडीवर एक प्लास्टिकचा डबा, त्यात ओल्या फडक्यात गुंडाळलेली धानाची रोपं. भंडारा येईपर्यंत शेजारचा प्रवासी, मागचा प्रवासी आणि कंडक्टर या सगळ्यांना सरांचं संशोधन पाठ झालेलं असायचं.

संशोधन असं, की चिन्नोर धानाच्या मुळाशी एक बुरशी राहते. चांगली बुरशी, धानाच्या उपयोगाची. सरांचं म्हणणं, ही बुरशी मुळाच्या पेशीच्या आत शिरते आणि तिथंच संसार मांडते. प्रबंधाच्या नावातच तसं लिहून मोकळे झाले होते. आता त्या नावाला इतकी वर्षं झाली होती, की विद्यापीठानं शेवटची मुदतवाढ देऊन हात टेकले होते. संक्रांतीच्या आत प्रबंध गेला तर गेला, नाहीतर नोंदणी रद्द. पीएचडी नाही तर कायमची नोकरी नाही, आणि मग सर असेच तासावर शिकवत म्हातारे होणार. त्यांचे मार्गदर्शक प्रफुल्ल सर मोजकं बोलणारे. ते एवढंच म्हणाले होते, "टिकाराम, आत आहे म्हणतोस ना? मग आत दाखव."

आता हे आत दाखवणं साध्या सूक्ष्मदर्शकाचं काम नव्हे. त्यात मुळाचं वरचं, मधलं, खालचं सगळं एकावर एक चढलेलं दिसतं. बुरशीचा धागा पेशीच्या वरून गेलाय की आतून, काही कळत नाही. कॉन्फोकलमध्ये मुळातून परत येणारा उजेड एका बारीक छिद्रातून गाळून घेतात. त्यामुळे एका वेळी एकाच पातळीचं चित्र मिळतं, वरखालचा गोंधळ बाहेर राहतो. मूळ न कापता त्याचे पातळ पातळ थर बघायचे, मग ते संगणकावर एकावर एक रचायचे आणि हवं तसं फिरवून बघायचं. बुरशीला चमकणारा हिरवा रंग द्यायचा, पेशींच्या भिंतींना लाल. लाल भिंतींच्या आत हिरवं दिसलं, की सर जिंकले.

"एवढंच ना जी?" सर म्हणाले. "मग आज करून टाकू."

मी आधी त्यांना चपला बाहेर काढायला लावल्या.

पहिल्याच दिवशी सरांनी तेल भलत्याच भिंगाला लावलं. दुसऱ्या खेपेला चाक उलटं फिरवलं आणि भिंग नेऊन काचेवर टेकवलं. टक्! तो आवाज मला अजून ऐकू येतो.

"सर! काय करून राहिले तुम्ही!"

"दिसून नव्हतं राहिलं मॅडम, म्हणून जरा जवळ नेलं जी."

"भिंग आहे ते! तुमचा साळा नाही, गळ्यात गळा घालायले!"

वरची पातळ काच फुटली होती, भिंग वाचलं. मी बाहेर जाऊन दोन घोट पाणी प्यायले. परत आले तर सर यंत्रापुढं हात जोडून उभे. "माफी मागून राहिलो," म्हणाले. यंत्राची! माझी नाही.

पुढचा उद्योग असा. नमुन्यावर काच ठेवली, की कडा बंद करायला नेलपॉलिश लावतात. जगभर लावतात, त्यात हसण्यासारखं काही नाही. पण ते बिनरंगी लागतं. माझ्याकडची बाटली संपली होती, म्हणून सरांना म्हटलं, येताना घेऊन या. सरांनी घरून बायकोची, रीतावहिनींची आणली, मंडईच्या जत्रेत घेतलेली, गुलाबी चमकीवाली. लावली कडेला, आणि मला पत्ता नाही. लेझर सुरू केला तर पडद्यावर आकाशपाळण्याचे दिवे लागले.

"मॅडम! सापडली! केवढी आहे पाहा!"

"सर," मी म्हटलं, "तुमच्या बुरशीनं लाली-पावडर केली आहे. पुसा ते."

असं सगळं. कधी उजेडाची नोंद घेणाऱ्या यंत्रणेचा जोर इतका वाढवायचे, की अख्खा पडदा पांढराफट. "सर, रेडिओचा आवाज वाढवल्यानं गाणं सुरात येते का?" कधी लेझर एकाच जागी इतका वेळ रोखून ठेवायचे, की रंग उडून जायचा. हे रंग असेच असतात, फार उजेड दाखवला की विझतात. सरांना ते पटेचना. "कच्चा रंग आहे जी हा. आमच्या बाबूजीनं असा रंग आणणाऱ्याले दारातूनच हाकललं असतं."

पण एक सांगते, माणूस चिवट. मी एवढी बोलायची, दुसरा कोणी असता तर माझ्या नावानं तक्रार ठोकून गेला असता. हा पुढच्या खेपेला हसत हजर, पिशवीत माझ्यासाठी कोंढा गावच्या सासऱ्यांच्या वावरातली वांगी. आधी कांद्याच्या सालीवर हात बसवला, मग गवताच्या मुळावर. चाक फिरवताना यंत्राशी बोलायचे, "हां, बस, बस, अजून थोडंसं, हां राजा." मला राग यायचा, पण चित्र नीट यायला लागलं होतं. भादवा सरता सरता माझ्या लक्षात आलं, की माझं ओरडणं कमी झालंय. आणि दसऱ्याला मी सिहोऱ्याला निघाले तेव्हा, एवढ्या वर्षांत कुणाला दिली नव्हती ती परवानगी सरांना दिली. म्हटलं, माझ्यामागं एकटे वापरा. चौकीदार भैय्याजींकडे किल्ली ठेवते. धूर नाही, अगरबत्ती नाही, नारळ नाही, खोलीत खाणं नाही.

"तुमची आण मॅडम," सर म्हणाले.

सुटी संपवून परत आले तर सर दारातच उभे, हातात पेढ्यांचा डबा, डोळ्यांत पाणी. माझ्या हातात सोनं म्हणून आपट्याची पानं कोंबली आणि मला ओढतच संगणकापुढं नेलं.

"पाहा!"

मी बघितलं. काय चित्र होतं म्हणता! लाल भिंतींची सुंदर जाळी, आणि प्रत्येक खणात हिरवागार उजेड. थर खाली न्या, तरी हिरवं. फिरवून बघा, तरी हिरवं. सरांनी प्रफुल्ल सरांना पाठवून झालं होतं. ते म्हणाले होते, "छान. लिहायला घे." त्यांच्या तोंडून छान निघणं म्हणजे मोठीच गोष्ट. रीतावहिनींनी आळीत साखर वाटली होती. लाखांदूरच्या कॉलेजात सत्कार ठरत होता.

मी पेढा तोंडात टाकला आणि चित्र पुन्हा वरून खाली नेलं. सगळ्या पेशींत? एकही खण सोडला नाही? बुरशी आहे की वरातीतली माणसं?

"सर, कोरा नमुना पाहिला का?"

कोरा नमुना म्हणजे ज्याला बुरशी दिलेलीच नाही असं मूळ. त्यालाही तेच रंग द्यायचे, तसंच धुवायचं, तसंच बघायचं. त्यात काळोख दिसला, तरच दुसऱ्यातल्या हिरव्याला अर्थ. हे मी सरांना इतक्यांदा सांगितलं होतं, की भिंतींनाही पाठ झालं असेल.

सरांनी मान खाली घातली. "बनवला आहे जी. पण पाहिला नाही."

"काहून?"

"दसऱ्याचा मुहूर्त होता मॅडम. आमच्या घरी दसऱ्याले मागावर बिनसुताची रिकामी कांडी चढवत नाहीत. भरलेलीच चढवतात. शुभ दिवशी रिकामं कोण पाहते?"

"मी पाहते! आणा तो इकडे!"

आणि इथं सर पहिल्यांदा माझ्यावर चिडले. "मॅडम, आता झालं ना. प्रफुल्ल सर हो म्हणाले. संक्रांत तोंडावर आहे. तुम्ही कायले खोडा घालून राहिल्या? तुम्हाले माझं चांगलं झालेलं पाहवत नाही का?"

मला लागलं ते. फार लागलं. कोरा नमुना घेतला, यंत्रावर चढवला, सरांनी यंत्रावर लावलेले सगळे आकडे तसेच ठेवले आणि लेझर सुरू केला.

हिरवागार. खणाखणात हिरवा. खऱ्या नमुन्यापेक्षा उजळ, मेला!

जी बुरशी या मुळाला दिलीच नव्हती, ती यात आली कुठून? मी आधी रंगाला शिव्या दिल्या, मग रंग विकणाऱ्याला. मग काच काढायला म्हणून सरांनी हात पुढं केला आणि मला त्यांच्या अनामिकेचं नख दिसलं. पिवळं.

"सर, हे काय?"

"हे? काही नाही. दसऱ्याची हळद आहे जी."

"कोणाले लावली?"

सरांनी हात मागे घेतला. मी उठले, यंत्राच्या मागं वाकून बघितलं. लेझरच्या डब्याच्या पाठीवर हळद-कुंकवाचं ठसठशीत बोट, वर चार अक्षता चिकटलेल्या. समोरची पुसून टाकली होती, माझ्या भीतीनं. मागची विसरले.

मग सगळं बाहेर आलं. दसऱ्याच्या सकाळी सर केंद्रात आले. भैय्याजींनी जीपला हार घातला होता, ऑफिसातल्या झेरॉक्स मशीनला कुंकू लावलं होतं, फाटकाच्या कुलपालासुद्धा फूल वाहिलं होतं. आणि इतकं काम करणारं हे यंत्र एसीच्या खोलीत उघडंबोडकं! कोष्ट्याचा मुलगा, दसऱ्याला अवजार पुजल्याशिवाय हात लावायचा कसा? धूर नाही केला, नारळ नाही फोडला, माझा शब्द मोडला नाही. फक्त हळद-कुंकू. जिथं हात चालतो तिथं बोट टेकवायचं, ही घरची रीत, म्हणून नमुना ठेवतात त्या चौकटीलासुद्धा. आणि मग मुहूर्त टळू नये म्हणून त्याच हातानं, हातमोजे न घालता, सगळे नमुने धुतले. वाटीत बोट घालून ढवळले.

"मोजे घालून मुहूर्त कसा करायचा जी?" सर कळवळून म्हणाले.

मी चिमूटभर हळद काचेवर घेतली, पाण्यात कालवली आणि यंत्राखाली ठेवली. आई गं! असा हिरवा उजेड मी त्या यंत्रात कधी पाहिला नव्हता. निळ्या लेझरखाली हळद अशीच पेटते. मला हसू आलं. एकदा आलं ते थांबेचना, खुर्चीला धरून हसले मी. सरही हसायला लागले, आणि हसता हसता त्यांचा चेहरा वाकडा झाला. मग ते खाली बसले, जमिनीवरच, भिंतीला टेकून.

ही गोष्ट आम्हा दोघांशिवाय कुणाला ठाऊक नव्हती. चित्र सुरेख होतं, मार्गदर्शक खूश होते, संक्रांत जवळ होती. कोणी विचारलं नसतं. मला सरांकडे बघवेना.

"सर, प्रफुल्ल सरांना मी सांगू का?"

"नाही जी. पेढे मी वाटले. फोनही मीच करतो."

माझ्यासमोरच लावला. मला पलीकडचं सगळं ऐकू येत होतं. सरांनी सांगितलं, एका दमात, काही लपवलं नाही.

"चित्र तर चांगलं होतं रे टिकाराम."

"होतं जी. पण हळदीचं होतं."

"मग आता?"

"आता हात धुतो जी."

खरं सांगते, एवढे शिकलेसवरलेले लोक माझ्या खोलीत आले, कुणाचा मला असा अभिमान वाटला नाही.

दोघांनी मिळून यंत्र पुसलं, मी चौकट धुतली, रंग नवे कालवले. सरांच्या कुंड्यांत थोडीच रोपं उरली होती, ती उपटून आणली. मोजे घालून नमुने केले. आणि सरांनी स्वतःच, मी न सांगता, पहिला चढवला तो कोरा. पडद्यावर लाल जाळी आणि आत काळोख. इतका काळोख बघून आनंद झालेला माणूस मी पहिल्यांदा पाहिला.

मग खरा नमुना. हिरवे धागे दिसले! बारीक, फिके, पण खरे. भिंतींच्या कडेकडेनं चाललेले. सर पुटपुटत होते, "शिर, शिर आत." मी थर खाली नेला. धागा दोन पेशींच्या मधल्या फटीतून वळला, पुढच्या फटीत गेला. आत नाही. आणखी खाली. आत नाही. दुसरं मूळ घेतलं, तिसरं घेतलं. रचून, फिरवून, चारी बाजूंनी बघितलं. सगळीकडे फटीतूनच. एकाही पेशीत पाय ठेवला नव्हता तिनं.

"अजून खाली जा मॅडम."

"सर, आता काच लागली."

सर पडद्याकडं बघत राहिले. "बाहेरच राहते जी ती," म्हणाले. इतक्या हळू आवाजात मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

माझ्याच अंगाचा तिळपापड झाला. मेलीला आत शिरायला काय धाड भरली होती? इतक्या वर्षांत एकदा तरी शिरायचं! सरांच्या प्रबंधाचं नावच खोटं ठरलं होतं. मी बुरशीला तोंडावर काय काय बोलले ते इथं लिहिता येत नाही. सरच शेवटी म्हणाले, "जाऊ द्या मॅडम, तिचं काय चुकलं? ती कधी म्हणाली, मी आत राहते म्हणून? म्हणलं ते मीच."

मग सर लिहायला बसले. नाव बदललं, निष्कर्ष उलटे केले. प्रफुल्ल सरांनी एक उसासा टाकला आणि सही केली. संक्रांतीच्या आधी प्रबंध गेला. पण पास होईल याची कुणालाच खात्री नव्हती. "बुरशी आत जात नाही", एवढ्यावर कोण डॉक्टर करतो?

उन्हाळ्यात आमच्याच केंद्राच्या सभागृहात पीएचडीची जाहीर मुलाखत झाली. बाहेरगावचे परीक्षक होते, कडक माणूस, हसणं ठाऊक नसलेला. मी मागच्या ओळीत बसले, शेजारी रीतावहिनी. सासऱ्यांनी विणलेलं टसरचं लुगडं नेसून आल्या होत्या, घामानं भिजल्या होत्या आणि माझा हात सोडत नव्हत्या. सरांनी चित्रं दाखवली. कोऱ्या नमुन्यापाशी थांबले आणि सगळ्यांसमोर हळदीची गोष्ट सांगून टाकली. कुणी विचारलंही नव्हतं! सभागृह लोटपोट हसलं. परीक्षक हसले नाहीत.

"म्हणजे तुमचं मूळचं म्हणणं चुकीचं होतं."

"हो, सर."

"इतकी वर्षं तुम्ही चुकीच्या गोष्टीमागे होता."

"हो, सर."

"मग मिळवलंत काय?"

वहिनींची नखं माझ्या मनगटात रुतली. सकाळपासून सर छान पुस्तकी मराठीत बोलत होते, पाठ करून आले होते. आता ते थांबले, घाम पुसला आणि घरच्या बोलीत म्हणाले,

"सर, पहिले मले वाटे, का बुरशी आत जाते. आता मले माहीत आहे, का ती नाही जात."

परीक्षकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"बसा, डॉक्टर सोनकुसरे."

रीतावहिनींना मागं नीट ऐकू आलं नव्हतं. त्यांनी मला हलवलं. "काय म्हणाले जी ते? झालं का नाही?" आणि मला, रेणूला, जिचं तोंड उभ्या भंडाऱ्यात कुणी बंद केलं नाही, शब्द फुटेना. मी त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि भोकाड पसरलं. बिचारीला वाटलं, नापास झाले. त्याही रडायला लागल्या. पुढं सर टाळ्यांमध्ये उभे, आणि मागं आम्ही दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडतोय.

"अवं वहिनी, रडता कायले!" शेवटी माझा आवाज फुटला. "झालं! डॉक्टर झाले ते!"